गेलेले वजा आलेले

“कशातून काय वजा केलंस?” विश्रामबुवांनी विचारलं.

“गेलेल्यांतून आलेले,” कौस्तुभ म्हणाला.

“उलटं तर नाही ना केलंस?”

“बुवा, उलटं केलं असतं तर एवीतेवी काहीच उरलं नसतं. एवढं कळतं हो मला.”

“आणि सुलटं केल्यावर काय उरलं?”

“काहीच नाही. यादी रिकामी. सगळे परत आले.”

“हं...” बुवा म्हणाले, आणि समुद्रातल्या खडकाकडे तोंड करून बसले.

झालं! कौस्तुभच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ‘हं’ म्हणजे काय समजायचं माणसाने? हो की नाही? चार महिने तो या मठात राहत होता आणि या एका ‘हं’ने त्याचा जीव नकोसा केला होता.

आता हे विश्रामबुवा काही भगव्या कपड्यांतले बुवा नव्हेत. शहरातल्या एका कॉलेजात सव्वीस वर्षं त्यांनी कॉम्प्युटर शिकवला, आणि मग एक दिवस सगळं सोडून वेळसुऱ्याला, वाडवडिलांकडून आलेल्या या समुद्रकाठच्या मठात येऊन बसले. सकाळी देवीची पूजा, दुपारी फंक्शनल प्रोग्रामिंग, म्हणजे प्रोग्राम लिहायची एक खास पद्धत. मूळ यादीला कधी हात लावायचा नाही, तिच्यावरून नवी करायची, हे ते पहिल्याच दिवशी सांगत. पुढचं क्वचितच सांगत. लांबलांबच्या शहरांतून पोरं शिकायला येत आणि बहुतेक आठवड्याभरात कंटाळून परत जात. कौस्तुभ टिकला होता. टिकला म्हणूनच जरा चढलाही होता.

आज वैशाखातली वद्य अष्टमी. या दिवशी ओहोटी नेमकी भर दुपारी येते आणि काठापासून वेळाई देवीच्या खडकापर्यंत दगडांची वाट उघडी पडते. नवस बोलायला लोक त्या वाटेने अनवाणी जातात. देवी आहे खडकाच्या पलीकडच्या अंगाला, एका घळीत. काठावरून ती घळ दिसत नाही आणि घळीतून काठ दिसत नाही. तीन वाजता वाट बुडते. चारच्या पुढे पाणी घळीत शिरतं.

रीत अशी, की जाणाऱ्याने स्वतःचं नाव सांगायचं नाही. घरी जे आजारी असेल, ज्याच्यासाठी नवस बोलायचा, त्याचं नाव सांगायचं. जाताना सांगायचं आणि परत आल्यावरही सांगायचं. आणि एका नावासाठी एकानेच जायचं.

इतकी वर्षं बुवा वहीत नावं लिहीत आणि माणूस परत आलं की त्या नावावर एक रेघ ओढत. यंदा कौस्तुभने ती वही हसून बाजूला ठेवली. वाटेच्या तोंडाशी टेबल मांडून, लॅपटॉप उघडून तो सकाळी दहापासून बसला होता. गेलेल्यांची एक यादी, आलेल्यांची दुसरी. आणि शेवटी एका ओळीचं फंक्शन. दोन्ही याद्यांचे संच करायचे आणि एकातून दुसरा वजा करायचा. बस्स, एक ओळ! तिच्यावर तो इतका खूश होता की गेल्या आठवड्यात त्याने ती बुवांना तीनदा दाखवली होती.

बुवांनी तीनदा ‘हं’ केलं होतं.

आता साडेतीन वाजले होते. वाट केव्हाच पाण्याखाली गेली होती. वारा सुटला होता आणि टेबलावरचं कापड सारखं उडत होतं. नवसाला आलेले लोक आपापल्या घरी गेले होते. पाचच्या एसटीसाठी थांबलेला निळ्या शर्टातला एक माणूस तेवढा मठाच्या बाकावर चहा घेत बसला होता.

“बुवानू, होडी वर काढू काय?” खालून धाकू तांडेलाने हाक दिली. “पाणी चढाक लागला. मगे लाटा फुटाक लागल्यो की परत पाण्यात लोटूक जमाचा नाय.”

कोणी खडकावर अडकलंच तर म्हणून धाकूची होडी या दिवशी काठाला तयार असे. गावात दुसरी होडी या दिवसांत पाण्यात नसते. समुद्र खवळायला लागतो ना, लोक आपापल्या होड्या आधीच ओढून झाकून ठेवतात.

“काढा, काढा,” कौस्तुभ म्हणाला. “सगळे आलेत.”

“थांब रे धाकू,” बुवा म्हणाले.

धाकू थांबला. कोणाचं ऐकायचं हे त्याला शिकवावं लागत नव्हतं.

“कशाला थांबवता त्याला, बुवा? उत्तर आलंय ना.”

“गेले किती?”

“मोजायची गरजच नाही हो! फरक रिकामा आहे, म्हणजे...”

“गेले किती?”

कौस्तुभने सुस्कारा सोडून एक ओळ टाइप केली. “चौऱ्याहत्तर.”

“आले?”

त्याने दुसरी ओळ टाइप केली. आकडा आला. त्याने तो मनात एकदा वाचला, मग पुन्हा वाचला.

“त्र्याहत्तर...”

बुवांनी मान न वळवता धाकूच्या दिशेने हात हलवला. धाकू काही न विचारता होडीकडे चालू लागला.

“एक कमी आहे,” बुवा म्हणाले.

“कमी नाही हो!” कौस्तुभ घाईघाईने म्हणाला. “ही एंटरची कळ चिकटते माझी. कधीकधी एकच नाव दोनदा पडतं. म्हणून तर मी संच करतो. संचात एक नाव एकदाच राहतं, जास्तीचं आपोआप गळतं. मुद्दाम केलंय मी ते.”

“आज दोनदा पडलं?”

“पडलं असणार.”

“बघितलंस?”

“त्यात बघायचं काय? दुसरं काही होऊच शकत नाही.”

हे बोलताना आपला आवाज उगाचच चढलाय असं त्याचं त्यालाच वाटलं. एक ओळ. साधी, स्वच्छ ओळ. तीत चुकणार काय?

बुवांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि दोन भाजलेले शेंगदाणे काढून कौस्तुभच्या तळहातावर ठेवले.

“काय आहे?”

“बुवा, ही वेळ आहे का...”

“काय आहे?”

“शेंगदाणे.”

“किती?”

“दोन.”

“सारखे आहेत?”

“सारखेच की.”

बुवांनी त्यातला एक उचलला, तोंडात टाकला आणि सावकाश चावून गिळला.

“आता?”

“एक उरला.”

“तुझ्या ओळीला विचार. किती उरले?”

कौस्तुभ हातातल्या शेंगदाण्याकडे बघत राहिला. दोन शेंगदाणे. संच केला की शेंगदाणा, एकच. खाल्लेला एक, त्याचाही संच शेंगदाणा. वजा करा...

“काहीच नाही,” तो म्हणाला.

“हं...”

“पण बुवा, एका नावासाठी एकच माणूस जातो! रीतच आहे तशी. एकसारखी दोन नावं असणारच नाहीत.”

“रीत आहे खरी.”

“मग?”

“तुझी कळ चिकटली, तर दुसरं नाव कुठे पडेल?”

“पहिल्याच्या खाली. लगेच खाली. लागोपाठ...” बोलता बोलता कौस्तुभ थांबला.

संचात वर कोण आणि खाली कोण, हे राहतच नाही. कोण आधी गेलं, कोण नंतर गेलं, मध्ये किती जण गेले, सगळं पुसलं जातं. त्याने स्वतःच पुसलं होतं. तेही मोठ्या कौतुकाने!

नशीब एवढंच, की मूळ याद्यांना हात लावलेला नव्हता. त्या जशाच्या तशा होत्या. त्याने गेलेल्यांची यादी उघडली. दोनदा आलेलं नाव कोणतं आणि कितव्या जागी, एवढं विचारायला किती वेळ लागतो? पण त्याची बोटं भलत्याच कळांवर पडत होती. एकदा चुकलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा चुकलं.

“बुवा, वेळ जातोय हो...”

“लिही.”

तिसऱ्यांदा जमलं. पडद्यावर एकच नाव आलं.

“दुर्वा मांजरेकर,” त्याने वाचलं. “एकोणिसावं... आणि अठ्ठावन्नावं.”

मध्ये अडतीस नावं. कळ चिकटून अडतीस नावं ओलांडत नाही.

कौस्तुभच्या तोंडचं पाणी पळालं. अठ्ठावन्नावं नाव त्याने स्वतःच टाइप केलं होतं, दुपारी, दोनच्या सुमारास. टेबलासमोर कोणीतरी उभं होतं. कोण होतं? बाई होती की पुरुष? म्हातारं की तरुण? त्याने डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. काही म्हणजे काही आठवेना. ‘नाव?’ असं तो विचारायचा, कानावर नाव पडायचं, बोटं चालायची. दिवसभरात त्याने मान वर करून एकाचंही तोंड बघितलं नव्हतं.

“काय म्हणालात?”

बाकावरचा निळ्या शर्टातला माणूस उठून जवळ आला होता. हातातला चहाचा ग्लास तसाच होता.

“दुर्वा मांजरेकर म्हणालात ना तुम्ही?”

“हो. तुम्ही...?”

“माझी मुलगी आहे ती. तिच्यासाठीच गेलो होतो मी. बारा वाजायच्या आत परतलोसुद्धा. तुम्हीच लिहून घेतलंत की.”

“एकदाच गेलात?”

“एकदाच. का हो?”

बुवांनीच विचारलं, “दुपारी दुर्वासाठी आणखी कोणीतरी गेलंय. कोण असेल?”

त्या माणसाच्या हातातला ग्लास हिंदकळला आणि चहा त्याच्या शर्टावर सांडला. त्याला ते कळलंही नाही.

“तिची आई,” तो म्हणाला. “दुसरं कोण असणार? आम्ही एकत्र नसतो. दोन वर्षं झाली. सोमवारी दुर्वाचं हृदयाचं ऑपरेशन आहे. मी कोणाला न सांगता आलो होतो इथे. दुपारी जेवायला गावात गेलो, तेव्हाच आली असेल. तिनेही नसेल सांगितलं...”

त्याने खडकाकडे बघितलं. जिथून सकाळी तो चालत गेला होता तिथे आता हिरवंगार पाणी डुचमळत होतं.

“ती आली नाही परत?”

कौस्तुभने पुन्हा यादीकडे बघितलं.

“अहो, सांगा ना! आली नाही का ती?”

“नाही,” कौस्तुभ म्हणाला. “माझ्या यादीत... नाही आली.”

त्या माणसाने ग्लास वाळूत टाकला आणि तो पाण्याकडे धावत सुटला. कौस्तुभही त्याच्यामागे धावला. धाकूने होडी केव्हाच लोटली होती आणि आत चढून तो इंजिनाची दोरी ओढत होता.

“मला घ्या!” तो माणूस छातीभर पाण्यात जाऊन ओरडला. “मला येऊ द्या हो!”

“नाय! होडी हलकी व्हयी. येताना माणूस घेवचा आसा,” धाकू ओरडला. इंजिन फटफटलं. पहिल्या लाटेवर होडीचं नाक इतकं वर गेलं की कौस्तुभने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा होडी लाटेच्या पलीकडे गेलेली होती.

दोघं भिजून परत आले. बुवा होते तिथेच बसले होते.

होडी लहान होत गेली. खडकाच्या कडेला पोचली. वळली. आणि दिसेनाशी झाली.

आता करण्यासारखं काहीच नव्हतं. तो माणूस उभा होता आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होता. कौस्तुभला वाटलं, हा आता आपल्या अंगावर येईल, दोन थोबाडीत देईल. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण त्याचं कौस्तुभकडे लक्षसुद्धा नव्हतं.

“बुवा, काहीतरी बोला ना,” कौस्तुभ म्हणाला.

बुवा खडकाकडेच बघत होते.

“मी धाकूला होडी वर काढा म्हणालो होतो. तुम्ही थांबवलं नसतंत तर...”



कौस्तुभला नुसतं बसवेना. त्याने लॅपटॉप पुढे ओढला आणि ती ओळ खोडून टाकली. नवीन लिहिलं. संच नाही, काही नाही. गेलेल्यांची यादी जशी आहे तशी घ्यायची. आलेल्यांतलं एकेक नाव उचलायचं आणि त्यासाठी गेलेल्यांतलं तेच नाव एकदा, फक्त एकदाच कमी करायचं. बाकीची तशीच पुढे न्यायची. एका ओळीच्या जागी सहा ओळी झाल्या. दिसायलाही काही खास नव्हत्या. बुवांची वही आणि बुवांची रेघ, दुसरं होतं काय त्यात?

त्याने फंक्शन चालवलं.

पडद्यावर नाव आलं. दुर्वा मांजरेकर. एकच.

“आता बरोबर उत्तर येतंय,” त्याच्या तोंडून निघून गेलं.

दुर्वाच्या बाबाने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. नुसतंच बघितलं.

कौस्तुभला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने लॅपटॉप मिटला आणि हात मांड्यांखाली दाबून बसला. अकरा मिनिटं झाली. बारा झाली. खडकाच्या उजव्या अंगाला लाट आपटून पांढरा फेस उंच उडाला. त्याच बाजूने वळसा घातला की घळीचं तोंड होतं.

“किती वाजले?” त्या माणसाने विचारलं.

“सव्वाचार.”

“घळीत किती पाणी असेल आता?”

“मला... मला नाही माहीत हो.”

हे मात्र खरं होतं. घळीत तो कधी गेलाच नव्हता. खडकावरही नाही. चार महिन्यांत दर ओहोटीला वाट उघडी पडत होती, पण त्याला कधी जावंसं वाटलं नव्हतं. लोक जातात आणि लोक येतात, एवढं त्याला पुरत होतं.

वीस मिनिटं झाली.

आणि मग खडकाच्या आडून होडीचं नाक आलं. कौस्तुभ ताडकन उठला. दोन डोकी दिसतात की एकच? उन्हाची तिरीप पाण्यावरून डोळ्यांत येत होती. हाताचा आडोसा केला तरी नीट दिसेना. एकच दिसत होतं. धाकूचं. पाठीमागे इंजिनापाशी उभं असलेलं...

“एकटाच आहे,” तो माणूस म्हणाला आणि मटकन वाळूत बसला.

“नाही,” बुवा पहिल्यांदाच बोलले. “नीट बघ.”

होडीच्या तळाशी काहीतरी पिवळं होतं. ते हललं. मग एक हात वर आला आणि त्याने होडीची कड धरली.

“आसा हां, बुवानू!” लांबूनच धाकू ओरडला. “बाई आसा! घळीच्या तोंडार उभी रवलेली. कमराइतक्या पाण्यात!”

कौस्तुभचा जीव भांड्यात पडला. दुर्वाचा बाबा मात्र पुन्हा पाण्यात शिरला होता.

तिला धरून आणलं तेव्हा ती थडथड कापत होती. पिवळी साडी अंगाला चिकटली होती, कोपर खरचटलं होतं. बुवांनी आपली शाल तिच्या खांद्यावर टाकली आणि तिला बाकावर बसवलं. तिने आधी कोणाकडे बघितलंच नाही.

“झोप लागली हो मला,” ती म्हणाली. “अकरा रात्री दवाखान्यात बसून काढल्या. देवीसमोर जरा टेकले, गार वाटलं, डोळा कधी लागला कळलंच नाही. पायाला पाणी लागलं तेव्हा उठले. किती हाका मारल्या! म्हटलं, नाव तर लिहून दिलंय. कोणीतरी येईलच बघायला.”

कौस्तुभने मान खाली घातली. हे ऐकण्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

“चूक माझी आहे, ताई,” तो म्हणाला. “तुम्ही सांगितलं होतंत. मी लिहिलंही होतं. पण मी तुम्हाला... मी दोघांना एकच धरलं.”

“दोघांना?”

तेव्हा कुठे तिने वर बघितलं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला, अंगावरून पाणी गळत असलेला तिचा नवरा उभा होता.

“तू?” ती म्हणाली.

“हो.”

“तू कशाला आलास इथे?”

“तू कशाला आलीस?”

तिने शाल अंगाभोवती ओढून घेतली.

“दुर्वापाशी कोण आहे?” त्याने विचारलं.

“ताई बसलीये माझी. सकाळी दुर्वा पेज प्यायली थोडी. तुझी आठवण काढत होती.”

त्याने मान हलवली. बाकावर जागा होती, पण तो बसला नाही. तिनेही बस म्हटलं नाही. मात्र शालीचं एक टोक खाली वाळूत लोळत होतं, ते त्याने उचलून तिच्या पायांवर टाकलं. तिने ते राहू दिलं.

कौस्तुभ टेबलाशी परतला. आलेल्यांच्या यादीत त्याने चौऱ्याहत्तरावं नाव लिहिलं आणि फंक्शन पुन्हा चालवलं. काही उरलं नाही. त्याने हाताने मोजूनही बघितलं. मग पुन्हा एकदा मोजलं. तरी समाधान होईना. पुढच्या वर्षी पुन्हा असंच झालं तर? आणखी कोणी दोघं, एकमेकांना न सांगता, एकाच नावासाठी आले तर? सहा ओळी पुरतील का तेव्हा?

तो बुवांकडे आला.

“बुवा, ही रीतच बदलू या. चालणाऱ्याचं नाव घेऊ या. त्याचं स्वतःचं. म्हणजे दोन माणसं कधीच एक होणार नाहीत. मुळातच प्रश्न मिटेल.”

“घे की.”

“खरंच? चालेल तुम्हाला?”

“आत्ताच घे. दोघं समोरच आहेत.”

कौस्तुभने लॅपटॉप उचलला आणि बाकापाशी आला. या वेळी त्याने आधी मान वर करून बघितलं. तिच्या कपाळावर ओल्या केसांची बट चिकटली होती. डोळे झोपेने आणि खाऱ्या पाण्याने लाल झाले होते.

“ताई, तुमचं नाव सांगाल?”

“सांगितलं ना मघाशी. दुर्वा...”

“ते नाही. तुमचं स्वतःचं.”

तिला प्रश्न कळायला जरा वेळ लागला.

“दुर्वाची आई लिहा,” ती म्हणाली.

“हो, पण तुमचं नाव...”

“तेच लिहा.”

त्याने लिहिलं. मग तो तिच्या नवऱ्याकडे वळला.

“आणि साहेब, तुमचं?”

त्या माणसाने एकदा बायकोकडे बघितलं. ती समुद्राकडे बघत होती.

“दुर्वाचा बाबा,” तो म्हणाला.

कौस्तुभने तेही लिहिलं. दोन नावं, एकाखाली एक. दोन्हींची सुरुवात दुर्वापासूनच. त्याने बुवांकडे बघितलं.

बुवा उठून त्याच्या मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी वाकून पडद्यावरची दोन्ही नावं वाचली.

“झालं?” ते म्हणाले. “काढ आता फरक.”